नेपियरचं बी म्हणून घेतलं आणि दोन शेळ्या गमावल्या

हे लिहायचं एकच कारण आहे. गेल्या मे महिन्यात मला ज्या जाहिरातीने फसवलं, तशाच जाहिराती या मेमध्येही फोनवर फिरताहेत. तोच बारा फूट उंच हिरवागार प्लॉट, त्यात उभा असलेला माणूस, आणि खाली ‘सुपर नेपियरचं बियाणं, एकदा पेरा, सात वर्षं कापा’. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा : संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताला पेरता येईल असं बी येतच नाही. कुणी पाकिटात घालून विकत असेल तर त्या पाकिटात दुसरंच काहीतरी आहे.

आम्ही मनोरीचे. मुंबईतच, पण खाडीच्या पलीकडे. घरामागे पाच गुंठे जमीन आणि बारा शेळ्या. शेळ्या माझ्याकडे, मिस्टरांची नोकरी मालाडला. पूर्वी शेळ्या टेकडीवर सोडल्या की संध्याकाळी पोट भरून आपोआप परत यायच्या. आता टेकडीच्या वाटेवर बंगल्यांची कुंपणं झालीत. पावसाळ्यात बांधावरचं गवत पुरतं, पण दिवाळीनंतर सुकी पावली विकत आणावी लागते, आणि ती भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने फिरून टेम्पोने येते. गवतापेक्षा भाडंच जड. म्हणून घरचा चारा लावायचं आम्ही ठरवलं.

जाहिरातीवरच्या नंबरला फोन केला. माणूस फार गोड बोलायचा, प्रत्येक वाक्याला ‘ताई’. अंधेरीत आपलं ऑफिस आहे म्हणाला. बी थायलंडचं आहे, अर्ध्या किलोत सव्वा गुंठा होतो, पुड्याचे अठराशे रुपये. चार पुडे घेतले, ७,२०० रुपये फोनवरून पाठवले. बिल मागितलं तर हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो आला. त्यावर परवाना क्रमांक नव्हता. पुड्यावरही लॉट नंबर नव्हता, उगवणशक्तीचा आकडा नव्हता, तपासणीची तारीख नव्हती. फक्त त्या बारा फुटी गवताचं चित्र. दाणे गुलाबी रंगात घोळलेले होते, औषध लावलंय म्हणे. त्या रंगामुळे दाणा मुळात कसला आहे हे ओळखू येत नाही, हे मला नंतर कळलं.

मी अगदीच डोळे मिटून पेरलं नाही. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, चार दिवसांत नव्वदच्या वर उगवले. तिथेच माझा विश्वास बसला. फसवणारा मेलेलं बी देतो, असंच मी धरून चालले होते. हे बी जिवंत होतं, पण नेपियरचं नव्हतं. उगवण तपासून बी चांगलं की वाईट एवढं कळतं, ते कशाचं आहे हे कळत नाही.

पावसाच्या पहिल्या सरी झाल्यावर, १६ जूनला पेरलं. आठवड्यात रांगा दिसल्या. महिन्याभरात मांडीएवढं गवत, काळपट हिरवं, रुंद पान, पानाच्या मध्यावर पांढरी शीर. शेजारणी बघायला यायच्या. मी फोटो पाठवला तर ताबडतोब उत्तर आलं, ‘एक नंबर प्लॉट ताई, आता कोवळं आहे तेव्हाच कापून घाला, शेळ्या आवडीने खातील.’

हे वाक्य मी विसरू शकत नाही. ठकवून पैसे घेतले असते आणि गप्प बसला असता, तर फक्त पैसेच गेले असते.

जुलैच्या मध्याला पावसाने आठ-नऊ दिवस दडी मारली. पानं दुपारची गुंडाळायला लागली. मला वाटलं, सुकण्याआधी कापावं. २० जुलैला सकाळी एक भारा कापला आणि रात्रभर उपाशी असलेल्या शेळ्यांपुढे टाकला. त्यातल्या तीन दांडग्या शेळ्या इतरांना ढुशा देऊन पुढे घुसल्या. पंधरा मिनिटं झाली असतील. मोठी शेळी धापा टाकायला लागली, तोंडाला फेस आला, पाय ताठ करून आडवी झाली. दुसरी तिच्या मागोमाग. मी भारा ओढून बाहेर फेकला आणि उत्तनच्या डॉक्टरांना फोन केला. ते मोटरसायकलवरून चाळीस मिनिटांत पोचले, तोवर दोघी गेल्या होत्या. त्यातली एक दोन महिन्यांची गाभण होती. तिसरीने कमी खाल्लं होतं. तिला शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिलं आणि ती वाचली. बाकीच्यांच्या तोंडात जेमतेम घास गेला होता.

डॉक्टरांनी भाऱ्यातलं एक धाट हातात घेतलं आणि विचारलं, ‘कोवळी ज्वारी कशाला घातली?’

ज्वारी! आमच्या सात पिढ्यांत कुणी ज्वारी पेरलेली नाही. आम्ही भाताची माणसं, भाकरीसुद्धा तांदळाची. ज्वारीचं रोप कसं दिसतं हे मनोरीत कुणाला माहीत असणार? शेजारच्या बंगल्याच्या बांधकामावर सोलापूरकडचं एक जोडपं होतं. संध्याकाळी ती बाई कुंपणाशी आली आणि म्हणाली, ‘वहिनी, आम्हाला वाटलं तुम्ही कडब्यासाठी पेरलीय. पोंग्यात जनावरांना घालत नसत्यात, किराळ लागती.’ तिच्या गावात लहान पोरालाही हे ठाऊक. किराळ म्हणजे पोंग्यातल्या, कोवळ्या ज्वारीची विषबाधा. मी हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माझी खात्री आहे की हे पुडे मुंबई-कोकणाकडे विकले जातात ते यामुळेच. सोलापूर-नगरच्या शेतकऱ्याने दहाव्या दिवशी रोप ओळखलं असतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. ज्वारी आणि तिच्या जातीचं सुदान गवत कोवळं असताना त्यात एक घटक असतो. जनावराने चावला की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही, म्हणून रक्त लालभडक दिसतं. पावसाने ताण दिला की हे विष वाढतं, आणि कापल्यावर येणाऱ्या नव्या फुटव्यातही ते असतंच. रिकाम्या पोटी खाल्लं तर धोका जास्त. पीक फुलोऱ्यात आलं की ते उतरतं. म्हणून कापायचं ते निम्मा प्लॉट फुलोऱ्यात आल्यावरच. ज्वारी वाईट चारा नाही, उलट चांगला आहे. पण आपण काय पेरलंय हे माहीत असेल तरच.

आता नेपियरबद्दल. हे गवत म्हणजे बाजरी आणि नेपियर यांचा संकर. बाजरीची गुणसूत्रं १४, नेपियरची २८, संकरात येतात २१. ती जोडीने विभागली जात नाहीत, म्हणून तुऱ्यात उगवणारं बी धरत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत आणि फुले गुणवंत, कोइमतूरचे को-४ आणि को-५, थायलंडचा सुपर नेपियर, हे सगळे वाण लावायचे ते कांडीने नाहीतर ठोंबाने, म्हणजे मुळासकट फुटव्याने. कांडी म्हणजे दोन-तीन डोळ्यांचा, कोंब फुटायच्या जागांचा, खोडाचा तुकडा. ती लावायची तीन बाय दोन फुटांवर. गुंठ्याला १८०-१९० कांड्या लागतात. रुपया-दोन रुपयाला कांडी मिळते, म्हणजे माझे पाच गुंठे दोन हजारांच्या आत झाले असते. चाऱ्याच्या ज्वारीचं बी बाजारात किलोला शे-दीडशेला मिळतं. मी दोन किलोला ७,२०० दिले.

बी विकणाऱ्या त्या माणसाला मी फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला की नेपियर लहानपणी ज्वारीसारखाच दिसतो, पहिल्या कापणीनंतर खरं रूप येईल. शेळ्या मेल्याचं सांगितल्यावर नंबर ब्लॉक. मिस्टर अंधेरीच्या पत्त्यावर जाऊन आले. तो एक बंद गाळा होता, शेजारच्यांनी ते नावही ऐकलं नव्हतं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, तोवर दोन महिने उलटले होते आणि त्या खात्यात काही शिल्लक नव्हतं. पैसे पाठवल्यावर लगेच संशय आला असेल तर त्याच दिवशी, त्याच तासात या नंबरला फोन करा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे माझी तक्रार नोंदली आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे रिकामी पाकिटं होती, पण दाणा एकही ठेवलेला नव्हता. म्हणून सांगते, पीक हाताशी येईपर्यंत मूठभर बी, पाकीट आणि बिल जपून ठेवा. बियाणं विकणाऱ्याला १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो. त्याचा क्रमांक विचारायला लाजू नका. सांगायला टाळाटाळ केली तर फोन ठेवून द्या.

उभी ज्वारी मी उपटली नाही. कणसं बाहेर पडून फुलोरा आला तेव्हा डॉक्टरांना दाखवून कापली, वाळवली आणि थोडी थोडी पावलीत मिसळून घातली. काही झालं नाही. पण पहिले चार दिवस मी गोठ्यातून हलले नाही.

सप्टेंबरमध्ये वाडा तालुक्यातल्या एका नातेवाइकांच्या शेतातून फुले जयवंतच्या ६०० कांड्या आणल्या. डोळा बघून, जाड जाड निवडून. उंच भागात त्या लावल्या. पाणी साचतं तिथे नेपियर कुजतो, म्हणून खालच्या पट्ट्यात पॅरा गवताच्या फांद्या खोचल्या. पहिली कापणी सत्तर दिवसांनी केली, नंतर दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. मेमध्ये विहीर मचूळ झाली तेव्हा नेपियर पिवळा पडला, पॅरा तग धरून राहिला. नुसता नेपियर घालत नाही. त्यातल्या ऑक्सलेटमुळे जनावराला कॅल्शियम कमी पडतं, म्हणून जोडीला बांधावर दशरथ घास हा शेंगवर्गी चारा आणि चवळी आहे. या दोन्हींचं बी मात्र खरंच मिळतं.

जूनमध्ये छाटणी करणार आहे, तेव्हा हजारभर कांड्या निघतील. मनोरी, गोराई, कुलवेमच्या कुणाला हव्या असतील तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. येताना सुरी आणि ओलं गोणपाट आणा. कांडी वाळली तर डोळा फुटत नाही.