कुत्र्याच्या भीतीसाठी एक्सपोजर थेरपी घेतली, चार स्टार

लहानपणी एक कुत्रा अंगावर धावून आलेला, चावला नव्हता, पण तेव्हापासून लांब कुठे कुत्रा दिसला तरी मी रस्ता बदलायचे. सहा सेशन झाली म्हणून लिहितेय.

एक्सपोजर थेरपी म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्याच समोर थोडं थोडं जायचं. मला वाटलेलं कुत्र्यासमोर उभं करतील आणि सवय होईपर्यंत हलू देणार नाहीत. पण इथे प्रत्येक वेळी आधी कागदावर लिहायचं, आता नक्की काय होईल असं वाटतंय आणि किती खात्री आहे. मी लिहिलं, उडी मारून हाताला चावेल, ९० टक्के. मग पट्टा बांधलेल्या कुत्र्यापासून दहा पावलांवर उभी राहिले, पाय लटलट कापत होते, तो बसूनच राहिला आणि एक जांभई दिली. थेरपी देणाऱ्या मॅडमनी लगेच कागद पुढे केला, काय झालं ते लिहा. ह्या कागदासाठीच मी ही थेरपी सुचवेन, कारण दोन दिवसांनी मी बहिणीला सांगत होते की तो गुरगुरला, मला तसंच आठवत होतं, आणि कागदावर माझ्याच अक्षरात जांभई!

मॅडम म्हणाल्या हे तुमचं एकटीचं नाही. टोमार्केन, मिनेका आणि कुक या मानसशास्त्रज्ञांचा १९८९ चा प्रयोग आहे, त्यात साप किंवा कोळी, फुलं, मशरूम अशी चित्रं दाखवून त्यानंतर कधी शॉक, कधी नुसता आवाज, कधी काहीच नाही, आणि हे तिन्ही प्रकार प्रत्येक जातीच्या चित्रानंतर सारख्याच वेळा. तरी ज्यांना आधीच भीती होती त्यांना वाटलं की सापकोळ्यांनंतर शॉक जास्त वेळा बसला. म्हणजे भीती आधीच मनात असली की ती आपल्या बाजूचे पुरावे स्वतःच गोळा करते, मी वीस वर्षं प्रत्येक भुंकणं मोजत आले आणि शेजारून गुपचूप निघून गेलेली कुत्री एकदाही मोजली नाहीत. म्हणून अंदाज आधी लिहून तो डोळ्यांसमोर चुकलेला बघायचा, मेंदू त्या चुकण्यातूनच नवीन शिकतो.

एक स्टार कापला कारण पहिली चार सेशन एकाच खोलीत, एकाच कुत्र्यासोबत झाली. तिथे मी त्याला हात लावला आणि बाहेर रस्त्यावर दुसरा दिसल्यावर जागीच थिजले, खूप रडले त्या दिवशी. नंतर दोन सेशन बाहेर घेतली तेव्हा फरक पडला. जाणार असाल तर पहिल्याच दिवशी विचारा, जागा आणि कुत्री बदलणार का, आणि कागद फेकू नका, मी माझे अजून पर्समध्ये ठेवलेत.