एका दिवसाची वेरूळ-खुलताबाद सहल: गाडी उत्तम, खुलताबाद मात्र उरकलेलं

छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनवरून निघणाऱ्या एका खाजगी सहलीबद्दल लिहिते आहे. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर आणि परतताना बीबी का मकबरा, सगळं एकाच दिवसात. गाडी स्वच्छ, एसी व्यवस्थित, निघाली वेळेवर. चालक मामा सासूबाईंना चढता-उतरताना आपणहून हात देत होते. त्या माणसाबद्दल वाईट शब्द नाही. माझी तक्रार आहे ती खुलताबादला दिलेल्या वीस मिनिटांची.

आम्ही रावेरचे. लग्नाचा बस्ता असो की दिवाळीचे कपडे, आमचा बाजार बऱ्हाणपूरला. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी ज्यांच्या नावानं ते शहर वसवलं, त्या संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा खुलताबादला आहे. त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी, ज्यांच्या नावाचं झैनाबाद बऱ्हाणपूरसमोर तापीच्या पलीकडच्या काठावर आहे, त्यांचाही दर्गा तिथेच. सासूबाईंना हे बघायचंच होतं, म्हणून ही सहल घेतली.

गाइडनं सगळ्यांना थेट औरंगजेबाच्या कबरीपाशी नेलं. बादशहानं टोप्या शिवून आपल्या कबरीसाठी जमवलेल्या चौदा रुपये बारा आण्यांची गोष्ट सांगितली, फोटो झाले आणि म्हणाला, "चला, वेरूळला गर्दी होईल." ही कबर झैनुद्दीन बाबांच्या आवारातच आहे. 1707 साली बादशहा अहमदनगरजवळ भिंगारला वारला आणि त्याच्याच इच्छेनुसार त्याला इथे संताच्या सावलीत आणलं. कबरीवर छप्पर नाही, वर नुसती माती आणि त्यात रोप. भोवतीची संगमरवरी जाळी इंग्रजांच्या काळातली. ज्यांच्यासाठी बादशहा इथे आला, ते 1369 साली वारलेले झैनुद्दीन कोण, याबद्दल गाइडच्या तोंडून एक वाक्य निघालं नाही. पैगंबरांचा म्हणून जपलेला झगा याच दर्ग्यात आहे आणि तो वर्षातून एकदाच दाखवतात, हे आम्हाला तिथल्या खादिमांनी, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांनी सांगितलं.

मी मामांना म्हटलं, आम्ही थांबतो. ते म्हणाले, "थांबा ताई, मागून रिक्षानं वेरूळला या. मी पार्किंगमध्येच आहे."

मग निवांत रस्ता ओलांडून बुऱ्हाणुद्दीन बाबांकडे गेलो. हे दिल्लीचे चिश्ती पंथाचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य. मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली त्या काळात दख्खनेत आले, 1337 मध्ये इथेच वारले. इथल्या फरशीतून एकेकाळी चांदीचे कोंब उगवत आणि त्यावर दर्ग्याचा खर्च चाले, अशी आख्यायिका आहे. सासूबाई वाकून फरशीचा एकेक दगड बघत होत्या. त्याच आवारात हैदराबादचा पहिला निजाम, निजाम-उल-मुल्क आसफजाह, आणि त्याचा मुलगा नासिरजंग यांच्या कबरी आहेत. आसफजाह 1748 मध्ये आमच्या बऱ्हाणपुरात वारला आणि इथे आणला गेला. हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हा पण आपल्याकडूनच आला की!" त्या दिवशीचं त्यांचं सगळ्यात आवडतं ठिकाण हेच.

रिक्षावाल्या दादांनी नंतर गावाबाहेर मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे नेलं. शहाजीराजे ज्याच्या बाजूनं 1624 साली भातवडीला लढले, खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर ज्यानं वसवलं, त्या शहराला नहरीनं पाणी पाजलं, तो हा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. 1626 साली वारला. मोठा घुमट, भक्कम बांधणी, आणि आम्ही तिथे असेपर्यंत दुसरं कुणी फिरकलं नाही. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, तिथून हा मकबरा जवळच. मराठी माणसांनी भरलेली गाडी इथे थांबत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

कंपनीला पाचपैकी अडीच. दोन गाडीचे आणि मामांचे, अर्धा वेळ पाळल्याचा. बीबी का मकबरा पुढच्या खेपेला ठेवून त्यातला वेळ खुलताबादला द्यावा, आणि गाइडला चिश्ती संतांची निदान जुजबी माहिती असावी.

तुम्हाला फक्त खुलताबाद बघायचं असेल तर सहल घेऊच नका. मध्यवर्ती बसस्थानकातून वेरूळकडे जाणारी एसटी पकडा, गावात उतरा, आतलं सगळं रिक्षानं होतं. अर्धा दिवस हाताशी ठेवा. डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल असू द्या, आणि ओळखपत्रही, कारण औरंगजेबाच्या कबरीपाशी पोलीस बंदोबस्त असतो. वेरूळही जोडायचं असेल तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात.