शिबिर संपल्यावर कोण विचारतं? पूर्व उपनगरांतल्या एका स्तनतपासणी सेवेचं परीक्षण

मुंबईत स्तनतपासणीचं शिबिर लावणं आता अवघड राहिलेलं नाही. महिला मंडळानं हॉल दिला, पडदे लावले, की व्हॅन दारात येते आणि संध्याकाळपर्यंत तपासणी उरकते. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू होतो. ज्या बाईच्या कागदावर ‘पुढील तपासणी आवश्यक’ लिहिलंय, ती पुढे गेली का, हे बहुतेक आयोजकांना सांगता येत नाही. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर या पट्ट्यात एक धर्मादाय संस्था शिबिरासोबत केस मॅनेजमेंटही देते. म्हणजे संशयित निघालेल्या प्रत्येक बाईमागे एक ठरलेली कार्यकर्ती असते आणि निदान होईपर्यंत ती तिचा पिच्छा सोडत नाही. या सेवेतल्या उणिवा स्पष्ट लिहायच्या आहेत, म्हणून संस्थेचं नाव देत नाही. मत आधीच सांगतो: निदानापर्यंत ही सेवा उत्तम आहे, निदानानंतर ती अपुरी पडते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत विमा नसलेल्या गरीब बायकांसाठी १९९० च्या कायद्यानं मोफत तपासणी सुरू झाली. नुसत्या तपासणीनं भागत नाही हे ध्यानात आल्यावर १९९८ मध्ये केस मॅनेजमेंट त्या कार्यक्रमात जोडलं गेलं. आपल्याकडचा दाखला तर मुंबईचाच आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका होत्या. त्यांतल्या निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनकर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही. यंत्राशिवायही एवढं साधतं, पण त्यासाठी हाताची तपासणी नीट व्हावी लागते आणि संशयित बाई रुग्णालयात पोचावी लागते.

तपासणीपासूनच सुरुवात करू. या संस्थेच्या नर्स प्रत्येक बाईला आडवं झोपवतात, हात डोक्यामागे घ्यायला लावतात आणि मधल्या तीन बोटांच्या पेरांनी उभ्या पट्ट्यांमध्ये गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत तपासतात. प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब. नंतर काख आणि गळ्याच्या हाडाची वरची बाजू. एका स्तनाला तीन मिनिटं धरली, कपडे काढणं-घालणं आणि चार प्रश्न धरले, तर एका बाईला आठ ते दहा मिनिटं लागतात. म्हणजे एक नर्स तासाला सहा-सात बायका. कुठलीही संस्था ‘दोन नर्स, तीन तास, दोनशे बायका’ असं सांगत असेल तर तिथे तपासणी होत नाही, नुसती नोंदणी होते. ही संस्था एका नर्समागे दिवसाला चाळीसच्या वर नावं घेत नाही. मंडळांना हे खटकतं, बॅनरवर मोठा आकडा हवा असतो. संस्था अडून बसते ते बरोबरच आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून आवडली. बाई म्हणते ‘गाठ लागते’ आणि नर्सच्या हाताला काहीच लागत नाही, अशा वेळी इतर शिबिरांत ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होतात. इथे तक्रार हीच केस उघडायला पुरेशी मानतात. बोंडातून रक्ताळ स्राव, बोंड नव्यानं आत ओढलं जाणं, त्वचेला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, काखेत गाठ, यांतलं एकही असलं की हाताला काही लागो न लागो, केस उघडते. चाळिशीच्या आतल्या बाईला आधी सोनोग्राफी, चाळिशीपुढे मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफीही. उष्णतेच्या कॅमेऱ्याची तपासणी हे लोक ठेवत नाहीत. ती मॅमोग्राफीच्या जागी चालत नाही आणि बायकांना खोटा दिलासा देते.

आता ज्याच्यासाठी ही सेवा घ्यावी ते रजिस्टर. आडवं, जाड पुठ्ठ्याचं, प्रत्येक केसला अख्खं पान. वर नाव, वय आणि तीन फोन नंबर: तिचा स्वतःचा, घरातला आणि शेजारणीचा किंवा बचत गटातल्या मैत्रिणीचा. प्रत्येक नंबरापुढे तो कोणाच्या हातात असतो आणि कितीला उचलला जातो हे लिहिलेलं. त्याखाली ‘फोनवर काय बोलायचं’ असा रकाना. बऱ्याच पानांवर तिथे ‘फक्त रिपोर्ट म्हणा’ असं सापडतं, कारण फोन मुलगा किंवा नवरा उचलतो आणि दहा बाय दहाच्या खोलीत कॅन्सर हा शब्द सगळ्यांना ऐकू जातो. पत्त्याचे रकाने दोन: सध्याचा आणि गावचा. पुनर्वसनात इमारत गेली की कुटुंब संक्रमण शिबिरात जातं, भाडेकरू अकरा महिन्यांनी खोली बदलतात आणि गणपतीला अर्धी वस्ती कोकणात असते. गावचा नंबर नसेल तर ती केस हातची गेली.

पानाच्या उजव्या कडेला तारखा. संशय आला तो दिवस शून्य, तिथून साठाव्या दिवसाची तारीख लाल पेनानं आधीच लिहून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या आराखड्यात निदान ६० दिवसांत व्हावं असं म्हटलंय, तीच मुदत इथे पाळतात. काही संस्था हे दिवस पहिल्या ओपीडीपासून मोजतात. मग उशीर कागदावर दिसतच नाही, कारण खरा वेळ शिबिर आणि ओपीडी यांच्यामध्येच जातो.

संपर्क तुटला असं लिहिण्याचा नियमही चांगला आहे. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तीन फोन, मग घरी एक फेरी, आणि घरी कुलूप असेल तर त्या गल्लीतल्या आरोग्य स्वयंसेविकेकडे चौकशी. एवढं झाल्यावरच केस बंद होते. घरकाम करणाऱ्या बायका सकाळी फोन उचलत नाहीत, दुपारी तीन ते पाच मोकळ्या असतात, आणि कार्यकर्तीला हे ठाऊक असतं. ‘नकार’ वेगळा नोंदवतात आणि त्याआधी नर्सनं एकदा समोरासमोर बोलायलाच हवं. पहिला नकार बहुतेक वेळा रोगाला नसतो. पडणाऱ्या खाड्याला असतो, घरी स्वयंपाक कोण करणार याला असतो.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टवरचा बायरॅड्सचा आकडा, म्हणजे कॅन्सरचा संशय किती हे सांगणारी श्रेणी, कार्यकर्त्यांना नीट वाचता येतो, हे फार महत्त्वाचं. शून्य म्हणजे काही नाही असं नव्हे, माहिती अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. ‘झिरो आलाय’ म्हणून पेढे वाटलेली घरं आहेत. ३ म्हणजे बहुधा साधं, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा. ४ आणि ५ ला बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं.

बायोप्सीच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त घोटाळे होतात आणि इथे ही सेवा आपली किंमत वसूल करून देते. पहिला घोटाळा: नाक्यावरच्या नर्सिंग होममध्ये ‘छोटी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून गाठ थेट कापून काढतात. नंतर ती कॅन्सरची निघाली तर कडा स्वच्छ आहेत की नाही कळत नाही, काखेतल्या गाठींचा हिशेब राहतो आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. कार्यकर्ती पहिल्याच भेटीत हे सांगते: आधी सुईनं तुकडा, मग बाकी सगळं. दुसरा घोटाळा: बारीक सुईनं फक्त पेशी ओढून तपासणं. कॅन्सर आहे एवढं त्यातून कळू शकतं, पण तो आजूबाजूला शिरलाय का हे कळत नाही आणि कोणतं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या हार्मोन व हर-टू तपासणीला पुरेसा मालही मिळत नाही. म्हणून जाड सुईची कोअर बायोप्सी मागायची, साधारण १४ गेजची (गेज हे सुईच्या जाडीचं माप). तिसरा घोटाळा बाटलीतला. तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्येच (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) हवा, सलाइनमध्ये नाही, आणि द्रव तुकड्याच्या किमान दहापट. सहा तासांपेक्षा कमी किंवा ७२ तासांपेक्षा जास्त राहिला तर हार्मोन तपासणी विश्वासाची राहत नाही. शनिवारी दुपारी तुकडा घेतला आणि सोमवारी सुट्टी आली, की ही मुदत उलटण्याची भीती असते. म्हणून ही संस्था शक्यतो सोमवार ते गुरुवार बायोप्सी लावते. बाटलीवर नाव, वय, तारीख आणि डावा की उजवा, हे कार्यकर्ती स्वतः वाचून बघते.

रिपोर्ट आल्यावर ती लॅबमधून काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून घेते. हे फार थोड्या ठिकाणी होतं. टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात नुसता कागद चालत नाही, ब्लॉक पुन्हा तपासतात. तो नसला की बाई परेल ते गोवंडी अशी उलटी फेरी मारते आणि त्यात आठवडा जातो. कागदांची पिशवीही आधीच तयार असते: आधारकार्ड, रेशनकार्ड, सगळे रिपोर्ट मूळ आणि झेरॉक्स. सरकारच्या मोफत उपचारांच्या जनआरोग्य योजनेत नावांचा मेळ लागला नाही की मंजुरी अडते. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्ड गावच्या सासऱ्यांच्या नावावर आणि त्यात सुनेचं नावच चढवलेलं नाही, ही नेहमीची गत. हे निदानानंतर नाही, केस उघडतानाच तपासतात. शाबास.

इथून पुढे मात्र तक्रार आहे. मोठ्या रुग्णालयात फाइल निघाली की ही संस्था केस ‘यशस्वी’ म्हणून बंद करते. आम्हाला हे मान्य नाही. फाइल निघाली म्हणजे उपचार सुरू झाला असं नाही. त्यानंतर हर-टूचा रिपोर्ट, स्कॅन, काही केमोआधी हृदयाचा टूडी इको, योजनेची मंजुरी, मग केमोची तारीख. बाई गळते ती याच वाटेवर, आणि पुन्हा पहिल्या केमोनंतर, उलट्या आणि केस गळणं सुरू झाल्यावर. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनसाठी सलग तीनेक आठवडे रोज जावं लागतं, तेव्हा मजुरी बुडते. त्याच २०२३ च्या आराखड्यात निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बायकांनी उपचार पूर्ण करावेत असं उद्दिष्ट आहे. त्यामुळे केस बंद करण्याची योग्य जागा म्हणजे ठरलेला उपचार पूर्ण होणं. किमान पहिला उपचार मिळाल्याची तारीख तरी पानावर हवी. टाटा मेमोरियलनं रुग्णांना वाट दाखवणारे प्रशिक्षित ‘केवट’ तयार केले आहेत. संस्थेनं आपलं पान तिथल्या केवटच्या हाती समक्ष सोपवलं तरी मोठं काम होईल. सध्या फक्त चिठ्ठी दिली जाते.

दुसरी उणीव बायरॅड्स ३ ची. सहा महिन्यांनंतरची आठवण एकाच फोनवर सोडलेली आहे. ना घरी फेरी, ना दुसरा नंबर. लाल तारखेचा नियम इथेही लावायला कोणती अडचण आहे कळत नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. एका कार्यकर्तीकडे उघड्या केस किती, याला वरची मर्यादा नाही. निदान जवळ आलेल्या बाईला आठवड्यातून दोन-तीन वेळा वेळ द्यावा लागतो. बायोप्सीच्या दिवशी तर अख्खा दिवस सोबत. पानांचा ढीग वाढला की आधी घरच्या फेऱ्या बंद पडतात आणि मग बाकी सगळं. मंडळांनी ठरवताना हे स्पष्ट विचारावं: आमच्या शिबिरातल्या केस कोणाकडे जाणार, तिच्याकडे आत्ता किती आहेत, ती रजेवर गेली तर रजिस्टर कोण उघडणार?

मंडळाकडून पैसे घेत नाहीत. जागा, पिण्याचं पाणी, दाराला आतून कडी असलेली एक खोली आणि एक झोपायचं टेबल एवढं आपण द्यायचं. पडद्यावर भागवू नका, बायका मोकळेपणानं कपडे काढत नाहीत आणि तपासणी अर्धी होते. शिबिरानंतर तीन महिन्यांनी संस्थेकडून एक पानी हिशेब मागून घ्या: किती तपासल्या, किती केस उघडल्या, किती साठ दिवसांत निदानाला पोचल्या, किती हरवल्या. नावं मागू नका, ती देऊही नयेत.

ऑक्टोबरमध्ये शिबिर लावू नका. त्या महिन्यात सगळ्यांनाच शिबिरं हवी असतात, मॅमोग्राफीचे रिपोर्ट रखडतात आणि पाठपुराव्याचे साठ दिवस थेट दिवाळीत सापडतात. जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा मागा, म्हणजे मे महिन्यात बायका गावी जाण्याआधी लाल तारीख उलटून गेलेली असते. तारखेसाठी नोव्हेंबरमध्येच सांगून ठेवावं लागतं.