आधी कोणती वाचावी: समुद्राखाली झोपलेला की बर्फात पुरलेले?

अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टची ओळख करून घ्यायची, तर आधी ‘द कॉल ऑफ क्थुलू’ (1928) की ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ (1936)? धुळ्या-जळगावकडचे दोघंतिघं मित्र मला हे विचारून झालेत. मी दोन्ही एकाच मे महिन्यात, रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अंथरूण टाकून वाचल्या.

‘माउंटन्स’ तिपटीहून मोठी आहे. पण सुरुवात फार ताकदीची: अंटार्क्टिकाचा बर्फ, संशोधकांना खोदकामात सापडलेले चौदा अनोळखी देह, मग त्यांच्या तळावरून येणारे संदेश अचानक थांबणं. तिथपर्यंत मी पुस्तक खाली ठेवलं नाही.

पुढे मात्र दोन माणसं त्या परक्या जिवांच्या बर्फातल्या ओसाड शहरात शिरतात आणि टॉर्चच्या उजेडात, काही तासांत, भिंतींवरची कोरीव शिल्पं बघून कोट्यवधी वर्षांचा इतिहास वाचून काढतात. कोण कुठून आलं, कोणाशी लढलं, गुलाम कधी उठले, सगळं. मला हे पटलंच नाही. अजिंठा आमच्यापासून जवळ, कितीदा गेलोय. सतराव्या लेणीत विश्वंतर जातकाचं चित्र आहे. गोष्ट ठाऊक असूनही आधीचा प्रसंग कुठला नि नंतरचा कुठला, हे मला दर वेळी कोणाला तरी विचारावं लागतं. तीही आपल्याच माणसांनी रंगवलेली, आपलीच गोष्ट. आणि इथे परक्या ताऱ्यांवरून आलेल्यांचं सारं एका फेरीत उलगडतं! एकदा सगळं कळलं की भीती ओसरते. माझी तरी ओसरली.

‘क्थुलू’तही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. समुद्राखाली झोपलेला राक्षसी देव म्हणजे क्थुलू; त्याच्या दलदलीतल्या पूजकांचं वर्णन वंशद्वेषाने भरलेलं आहे, ते वाचताना त्रास होतो. शेवटी त्याला बसणारी बोटीची धडकही थोडी घाईची वाटते. पण कथा सांगणाऱ्याने स्वतः काहीच पाहिलेलं नाही. त्याच्या हाती फक्त आजोबांच्या भावाची कागदपत्रं, कात्रणं आणि एका खलाशाची वही. 1925 च्या मार्चअखेरीस एक तरुण शिल्पकार तापाने फणफणतो, आणि त्याच सुमारास जगभर कवी-चित्रकारांना तसलीच स्वप्नं पडतात. हिंदुस्थानातल्या अशांततेचाही एका ओळीत उल्लेख येतो, त्यापलीकडे खुलासा नाही. क्थुलू खाली झोपलाय, आणि त्याची झोप आपल्या झोपेत उतरते, एवढंच.

कोणाला प्रवास, शोध, जुनी शहरं आवडत असतील तर त्याने ‘माउंटन्स’ जरूर घ्यावी, माझी ना नाही. मी मात्र हातात ‘क्थुलू’च देईन. ती संपवली त्या रात्री अख्खी गल्ली आपापल्या धाब्यांवर झोपली होती. दोनच्या सुमारास पलीकडच्या धाब्यावरून कोणीतरी झोपेतच विचारलं, “कोन शे रे?” आणि थोड्या वेळाने, चार घरं सोडून, दुसरं कोणीतरी झोपेत बरळलं. उजाडेपर्यंत मी आडवा झालो नाही.