मार्था हेन्री सोलापुरातून बघायच्या तर: 'स्ट्रॅटफेस्ट अ‍ॅट होम' या सेवेचं परीक्षण

कॅनडातल्या स्ट्रॅटफर्ड नाट्यमहोत्सवाने 2020 मध्ये आपली चित्रित नाटकं घरबसल्या दाखवायला सुरुवात केली. महिन्याला दहा कॅनेडियन डॉलर, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास, अशी तेव्हाची वर्गणी. राज्य नाट्य स्पर्धेची तालीम करणाऱ्या गटाने वर्गणी काढून एक महिना ही सेवा घ्यावी का? घ्यावी. यादीतलं सगळं बघून होणार नाही आणि त्याची गरजही नाही. तिथल्या ज्येष्ठ अभिनेत्री मार्था हेन्री यांची दोन चित्रणं नीट बघितली तरी पैसे वसूल.

आपल्याकडे हे नाव फारसं ऐकलेलं नसतं, म्हणून थोडी पार्श्वभूमी. जन्म 1938 चा, अमेरिकेत डेट्रॉइटचा. 1959 मध्ये त्या कॅनडात आल्या आणि मॉन्ट्रियलच्या नॅशनल थिएटर स्कूलमधून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधर ठरल्या. 1962 मध्ये स्ट्रॅटफर्डच्या रंगमंचावर शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये त्या मिरांडा झाल्या, तिचा जादूगार बाप प्रॉस्पेरो होते विल्यम हट. पुढे चाळीसहून अधिक हंगाम त्या महोत्सवाशी जोडलेल्या राहिल्या, पण मध्ये मोठा खंड आहे. 1980 मध्ये महोत्सवाची कलात्मक जबाबदारी चौघांवर सोपवली गेली, त्यात मार्थाबाई होत्या. काही महिन्यांतच संचालक मंडळाने त्या चौघांना दूर केलं. त्या निघून गेल्या. 1988 पासून कॅनडाच्याच ओंटारिओ प्रांतातल्या लंडन गावच्या ग्रँड थिएटरच्या कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी काम केलं आणि 1994 मध्ये युजीन ओनीलच्या 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट' या नाटकातली मेरी टायरोन करायला स्ट्रॅटफर्डला परतल्या. 2018 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्या प्रॉस्पेरो झाल्या. चोविसाव्या वर्षी ज्या पात्राची मुलगी होऊन त्यांनी ऐकलं, तेच पात्र छप्पन्न वर्षांनी त्या बोलल्या.

हे 2018 चं 'द टेम्पेस्ट' सगळ्यात आधी लावा. दिग्दर्शक अँटोनी चिमोलिनो. प्रॉस्पेरो इथे बाई आहे, मिरांडाची आई आहे. नटाला सगळ्यात जास्त मिळतं ते पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात. वादळ होऊन गेलंय आणि आता प्रॉस्पेरोने बारा वर्षांपूर्वीची हकिकत मुलीला सांगायची आहे: भावाने राज्य कसं बळकावलं, तीन वर्षांच्याही न झालेल्या मुलीसह नावेत कसं सोडून दिलं. हा निव्वळ माहितीचा प्रवेश आहे. एक जण बोलतोय, दुसरा ऐकतोय, रंगमंचावर काही घडत नाही. स्पर्धेच्या नाटकात असे प्रवेश दोनच प्रकारे पडतात. एक तर नट 'उरका एकदाचं' म्हणून धावत सुटतो, नाहीतर पहिल्याच वाक्यापासून गळा भरून येतो आणि पुढे चढायला जागाच उरत नाही.

शेक्सपिअरने संहितेतच यावर उपाय ठेवलेला आहे. बोलायला सुरुवात करण्याआधी प्रॉस्पेरो मुलीच्या मदतीने जादूचा झगा उतरवून ठेवतो. हकिकत सांगताना मध्येच थांबून 'ऐकतेयस ना' अशा अर्थाचं पुन्हा पुन्हा विचारतो. हकिकत संपता संपता उठतो आणि मिरांडाला मात्र बसूनच राहायला सांगतो. झगा, प्रश्न आणि उठणं या तीन खुंट्यांवर नटाने हा प्रवेश टांगायचा. मिरांडाचं लक्ष नाही म्हणून ते प्रश्न येत नाहीत. सांगणाऱ्यालाच ती आठवण पेलत नाहीये, श्वास घ्यायला ती जागा लागते. हा प्रवेश दोनदा बघा. पहिल्यांदा इंग्रजी कॅप्शन लावून, अर्थ समजण्यासाठी. दुसऱ्यांदा चित्र झाकून नुसता आवाज ऐका, हातात संहिता आणि पेन्सिल घ्या, आणि जिथे जिथे मार्थाबाई श्वास घेतात तिथे खूण करा. संहितेवर स्वामित्वहक्क उरलेला नाही, ती इंटरनेटवर फुकट मिळते. खुणा झाल्या की एक गोष्ट कागदावरच दिसते: ओळ जिथे छापील संपते आणि विचार जिथे संपतो, त्या जागा वेगळ्या असतात. श्वास विचाराच्या जागी घेतला तर लांब वाक्य ऐकणाऱ्याला सोपं जातं. मराठी स्वगताला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो.

एक इशारा देणं भाग आहे. स्ट्रॅटफर्डचं फेस्टिव्हल थिएटर आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहासारखं नाही. महोत्सवाचे पहिले कलादिग्दर्शक टायरोन गथ्री यांच्या आग्रहाखातर नेपथ्यकार तान्या मोइसेविच यांनी 1953 मध्ये तिथला मंच आखला, तेव्हा तो तंबूत होता; पक्की इमारत 1957 ची. मंच प्रेक्षकांत घुसलेला आहे, तीन बाजूंना लोक बसतात आणि सुमारे अठराशे आसनं असूनही शेवटचा प्रेक्षक मंचापासून पासष्ट फुटांच्या आत असतो. त्यामुळे तिथले नट सतत थोडे वळत राहतात, तिरकस रेषांत चालतात, पाठ दाखवायला घाबरत नाहीत. आपल्या समोरासमोरच्या मंचावर हीच हालचाल उचलली तर निम्म्या वेळी चेहरा विंगेकडे जातो आणि वाक्य पडद्यात मुरतं. म्हणून या चित्रणातून बोलणं, ऐकणं, थांबणं उचला. जागा आणि हालचाली उचलू नका. अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी' चित्रपटासारख्या भव्य दृश्यांची अपेक्षाही ठेवू नका, कारण कॅमेरा बराच वेळ चेहऱ्यांवर असतो. त्याचा एक तोटा जाणवतो: कुणी बोलत असताना बाकीचे काय करतायत ते कळत नाही, आणि मार्थाबाईंचं ऐकणं बघायची इच्छा असताना चित्र दुसरीकडे गेलेलं असतं.

दुसरं चित्रण 2021 चं, एडवर्ड अल्बीच्या 'थ्री टॉल विमेन'चं. कोरोनाच्या निर्बंधांमुळे मोजक्याच प्रेक्षकांसमोर स्टुडिओ थिएटरमध्ये झालेला हा प्रयोग डायना लब्लाँ यांनी बसवला. पात्रांना नावं नाहीत, फक्त ए, बी, सी. मार्था हेन्री, लूसी पीकॉक आणि मेमी झ्वेट्लर. झ्वेट्लर 2018 च्या 'टेम्पेस्ट'मधली मिरांडाच, म्हणजे दोन्ही चित्रणं ओळीने बघितली तर या दोघींमधलं देणंघेणंही बघायला मिळतं.

पहिल्या अंकातली ए नव्वदीच्या पुढची आहे. एक हात गळ्यात अडकवलेल्या पट्टीत, वयाबद्दल हुज्जत, मध्येच विसरणं, मध्येच रडणं, मध्येच विखारी बोलणं. दुसऱ्या अंकात तिघी एकाच बाईची तीन वयं होतात आणि पलंगावर ए सारखी दिसणारी एक बाहुली झोपवलेली असते. आता ए स्वच्छ, तल्लख बोलते. म्हणजे एकाच नटीला आधी ढासळलेलं आणि मग सावरलेलं म्हातारपण दाखवायचं आहे. आपल्याकडे म्हातारपण म्हटलं की थरथरता आवाज, वाकलेली कंबर, हातात काठी, डोक्याला पांढरी पावडर एवढंच ठरलेलं असतं. ते सगळं एका मिनिटात संपतं, उरलेल्या अंकाला नटाकडे काही शिल्लक नसतं. इथे म्हातारपण विचारांच्या वेगात आहे: एक विषय चालू असताना दुसरा कधी घुसतो, शब्द सापडेपर्यंत किती वेळ जातो, सापडला नाही तर राग कोणावर निघतो. या हंगामात मार्थाबाई कर्करोगाने आजारी होत्या, वॉकरवरून व्हीलचेअरवर आल्या होत्या, तरी प्रयोग पार पाडत राहिल्या. शेवटचा प्रयोग 9 ऑक्टोबरला झाला आणि 21 ऑक्टोबर 2021 रोजी, 83 व्या वर्षी, त्या गेल्या. हे कळल्यावर नाटक वेगळं दिसतं. तरीही पहिल्यांदा बघताना गटातल्या नव्या पोरांना हे सांगू नये. आधी काम बघू द्यावं.

मेरी टायरोन मात्र या सेवेच्या भरवशावर शोधू नका. तो 1996 चा स्वतंत्र चित्रपट आहे, डेव्हिड वेलिंग्टन यांनी स्ट्रॅटफर्डच्याच नटसंचाला घेऊन केलेला, जवळपास तीन तासांचा. त्यासाठी मार्थाबाईंना आणि विल्यम हट यांना कॅनडाचे जिनी पुरस्कार मिळाले. कुठे मिळालाच तर त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा. संधिवाताने वाकडे झालेले, एका जागी न राहणारे हात ओनीलने संहितेतच लिहिलेत.

आता पैसे भरण्याचं. यादी बदलत असते आणि प्रत्येक नाटकाचे हक्क देशागणिक वेगळे असतात, म्हणून पैसे भरण्याआधी हवं ते नाटक भारतातून उघडल्यावर दिसतंय ना आणि आजची वर्गणी किती, हे बघा. आपली डेबिट, क्रेडिट कार्डं परदेशी व्यवहारासाठी बहुधा बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'इंटरनॅशनल' आणि 'ऑनलाइन' दोन्ही चालू करावं लागतं. मर्यादा हजार रुपयांची ठेवा. चलन बदलाचे दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी वेगळा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे दर महिन्याची आपोआप वजावट परदेशी सेवांना बरेचदा होत नाही, पण त्यावर विसंबू नका. महिना संपायच्या दोन दिवस आधी सदस्यत्व स्वतः रद्द करा.

घरात एकट्याने बघायचं तर मोबाइल पुरतो. गटाने, पंधरा-वीस जणांनी बघायचं तर तयारी लागते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरवसा ठेवू नका. चांगल्या चित्राला तासाला दोन-तीन जीबी जातात, रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक मध्यंतराच्या आतच संपतो. घरचं फायबर कनेक्शन घ्या आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. उन्हाळ्यात वीज क्षणभर जरी गेली तरी राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात प्रवेश हातचा जातो.

लॅपटॉप ते प्रोजेक्टर सरळ एचडीएमआय केबल हवी. जुन्या प्रोजेक्टरसाठी बाजारातला स्वस्तातला व्हीजीए कन्व्हर्टर लावला की अशा सेवांच्या, कॉपी होऊ नये म्हणून संरक्षित केलेल्या चित्रणात कधी कधी आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. यात प्रोजेक्टर बिघडलेला नसतो, कन्व्हर्टर संरक्षण संकेत पुढे पाठवत नाही. फोनचा स्क्रीन टीव्हीवर आरशासारखा दाखवतानाही कधी कधी हेच होतं. तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर सात-आठ फुटांच्या पडद्याला पुरेसा आहे, पण मे महिन्यात सोलापुरात सातपर्यंत उजेड असतो. आठच्या आधी लावू नका.

सगळ्यात जास्त चूक आवाजात होते. गणपती मंडळाचे टॉप आणि बेस आणून लावले की घुमारा भरपूर येतो आणि एकही शब्द कळत नाही. नाटकाला दोन साधे पॉवर्ड, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले, स्पीकर पुरतात. ते पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा, मिक्सरवर बेस उतरवा. ब्लूटूथ वापरू नका, ओठ आणि शब्द मागेपुढे होतात. हेडफोनच्या भोकातून साधी वायर ओढा. खोली फरशीची आणि उघड्या भिंतींची असेल तर आवाज आदळतो. मागच्या भिंतीवर दोरी बांधून चार-पाच जाड सोलापुरी चादरी सोडा. घरोघरी असतात, आणि फरक लगेच ऐकू येतो.

कॅप्शन इंग्रजीच आहेत, मराठी नाहीत. शेक्सपिअरची इंग्रजी ऐकून समजेल अशी आशा धरू नका. आदल्या दिवशी कुणीतरी मराठीत पूर्ण गोष्ट सांगावी, पात्रांची नावं फळ्यावर लिहावीत. त्याशिवाय पहिला अर्धा तास कोण कोणाचा भाऊ यातच जातो. आणि घरगुती सदस्यत्वावर तिकीट लावून किंवा फलक लावून खेळ करता येत नाही, तालमीच्या खोलीपुरतंच ठेवा.

ज्यांना फक्त करमणूक हवी त्यांनी या वाटेला जाऊ नये. लांबलचक नाटकं आहेत आणि सगळं बोलण्यावर उभं आहे. पण स्पर्धेच्या दोन महिने आधी सेवा घेतली तर महिना असा लावावा: पहिल्या आठवड्यात 'टेम्पेस्ट' सलग, दुसऱ्यात फक्त माहितीचा तो प्रवेश आणि शेवटचं निवेदन पुन्हा, तिसऱ्यात 'थ्री टॉल विमेन', आणि चौथ्या आठवड्यात काही नवीन न लावता आपल्या संहितेतला सगळ्यात कंटाळवाणा माहितीचा प्रवेश काढून त्यावर श्वासाच्या खुणा करायला बसावं.