सेल्टा: पुण्या-मुंबईत इंग्रजी शिकवायचं काम मिळवायला कितपत कामाचा?

मोठ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचा केंब्रिजचा हा कोर्स उत्तम आहे, पण नुसत्या सर्टिफिकेटच्या आशेनं करणार असाल तर थांबा. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड., सहावी ते आठवीला डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि वर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते. ज्युनिअर कॉलेजला एम.ए., बी.एड. आणि सीनिअरला नेट, सेट किंवा पीएच.डी. मागतात. सेल्टा यातल्या कशाचीच जागा घेत नाही. त्याचा उपयोग आयईएल्टीएसचे क्लासेस, स्पोकन इंग्लिश, कंपन्यांमधलं ट्रेनिंग आणि ऑनलाइन शिकवण्या इथे होतो, कारण तिथे निकाल लागतो तो डेमोवर.

डेमोला विषय येतो प्रेझेंट परफेक्ट. बहुतेक उमेदवार फळ्यावर 'हॅव/हॅज + व्ही थ्री' लिहितात, दहा मिनिटं एकटेच बोलतात आणि शेवटी विचारतात, "समजलं?" सगळे माना डोलावतात. सेल्टा केलेला माणूस 'आय हॅव लॉस्ट माय कीज' हे वाक्य देतो आणि दोनच प्रश्न विचारतो: किल्ल्या आत्ता बोलणाऱ्याकडे आहेत का? कधी हरवल्या ते सांगितलंय का? मग लगेच जोड्या पाडून मुलांना बोलायला लावतो. मुलाखत घेणाऱ्याला हा फरक पाच मिनिटांत दिसतो.

ही सवय लागते ती सरावामुळे. कोर्स किमान 120 तासांचा. त्यात 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, मागे ट्यूटर टिपणं काढत बसलेला. शिवाय 750 ते 1000 शब्दांच्या चार असाइनमेंट. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे, आणि तेवढ्यात नोकरी सांभाळणं जवळपास अशक्य. नोकरदारांनी पार्ट-टाइम बॅचच घ्यावी. नवख्यांचे तास बहुधा एकाच ठिकाणी फसतात: सूचना लांबतात, गाळलेल्या जागा भरण्यात वेळ जातो आणि शेवटचा बोलण्याचा सराव, ज्यासाठी सगळा खटाटोप, तोच राहून जातो.

उणीव म्हणाल तर ही पद्धत मोठ्या माणसांच्या छोट्या गटासाठी बेतलेली आहे. साठ मुलांच्या, बाकं न हलणाऱ्या वर्गात ती जशीच्या तशी चालत नाही.

शुल्क लाखाच्या पुढे जाऊ शकतं, म्हणून अनेकजण काही हजारांतल्या ऑनलाइन 'टेफल'कडे, म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या इतर कोर्सेसकडे, वळतात. त्यावरही '120 तास' छापलेलं असतं, पण बऱ्याच ठिकाणी त्यात प्रत्यक्ष शिकवणं शून्य असतं. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: ट्यूटरसमोर, खऱ्या विद्यार्थ्यांना, किती तास शिकवायचं? सहाच्या खाली उत्तर आलं तर त्याला सेल्टाच्या तोडीचं समजू नका. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्टटेसॉल हा कोर्स मात्र याच तोडीचा आहे.

केंब्रिजचं सर्टिफिकेट हातात यायला कोर्स संपल्यावर काही आठवडे जातात. जूनमध्ये सुरू होणाऱ्या बॅचला शिकवण्याच्या कामासाठी एप्रिल-मेमध्ये अर्ज करायचे असतील तर केंद्राकडून तात्पुरत्या निकालाचं पत्र मागून घ्या आणि तेच बायोडेटाला जोडा.