स्लॅबला शाबासकी, टाकीच्या भिंतींना नाही: एका सेंटरिंग ठेकेदाराच्या कामाविषयी

साताऱ्याजवळच्या आमच्या घराचा स्लॅब आणि जमिनीखालची पाण्याची टाकी यांचे सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठीचा तात्पुरता साचा आणि टेकू, एका स्थानिक ठेकेदाराने साहित्यासह, चौरस फुटाच्या दराने केले. लोखंडी प्लेटांऐवजी 12 मिलिमीटरचा फिल्म फेस प्लाय (गुळगुळीत थर चढवलेला प्लायवूड) घेतल्यामुळे दर चढा पडला, पण स्लॅबची खालची बाजू पाहता तो वाजवी वाटतो. प्लायच्या प्रत्येक सांध्यावर टेप लावलेली असल्याने सिमेंटचे पाणी गळून खडी उघडी पडण्याचा प्रकार कुठेही झाला नाही. गाडीचे जळके ऑइल न वापरता साचा सहज सुटावा म्हणून मिळणारे शटरिंग ऑइल वापरले, आणि तेही सळई बांधण्यापूर्वी लावले, हे विशेष. सळईला तेल लागले की काँक्रीट तिला नीट धरत नाही.

खरे कौतुक मात्र टेकूंचे. सव्वाशे मिलिमीटर जाडीच्या ओल्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला तीनशे किलोंहून अधिक भरते, तरीही पुढच्या साइटवर साहित्य हवे म्हणून टेकूंचे जॅक लवकर काढण्याची घाई सर्रास होते. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखाली टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालीही 14 दिवस ठेवावे लागतात. ही मुदत साध्या पोर्टलँड सिमेंटची आहे. आमचे सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट), म्हणजे सुरुवातीला सावकाश ताकद धरणारे, असल्यामुळे ठेकेदाराने आपण होऊन ती वाढवली आणि त्याचे वेगळे भाडे लावले नाही.

टाकीच्या भिंतींबाबत मात्र हीच मंडळी गाफील राहिली. दोन मीटर उंचीची भिंत एकदम भरली, तर तळाशी चौरस मीटरला सुमारे पाच टन दाब येतो; काँक्रीट थराथराने न ओतल्यामुळे एका बाजूला भिंतीला पोट आले. शिवाय दोन्ही बाजूंचा प्लाय आवळणारे बोल्ट प्लॅस्टिकच्या नळीतून आरपार घातल्याने भिंतीत भोके राहिली. ती न आकसणाऱ्या ग्राउटने (भोके बुजवायच्या सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरून दिली खरी, पण पाण्याच्या टाकीत मुळात पाणी अडवणारी चकती बसवलेले, आतच राहणारे टाय, म्हणजे दोन्ही बाजूंचा प्लाय आवळून धरणारे दांडे, हवेत. स्लॅबसाठी हा ठेकेदार निःशंकपणे निवडावा. टाकी द्यायची असल्यास टायचा प्रकार आणि थराची उंची करारात आधीच लिहून घ्यावी.